सूतभर फट

भिंती उभ्या राहायच्या आदल्या दिवशी ती जमीन पूर्ण उघडी होती. आमच्या परसातल्या नव्या शेडची जमीन. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, प्लायवूडची. दुसऱ्या दिवशी तिच्यावर भिंतींच्या चौकटी चढल्या, आठवड्याभरात छप्पर आलं, आणि मग गवत कापायचं यंत्र, बर्फाची फावडी, मुलांच्या सायकली, कुंड्या, खताची पोती यांच्याखाली ती दिसेनाशी झाली. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी संध्याकाळी मात्र ऊन तिरपं होतं आणि तिच्यावरची प्रत्येक रेघ, प्रत्येक खिळा, प्रत्येक फट दिसत होती. मी आणि बाबा बराच वेळ तिच्याकडे बघत उभे होतो. इतक्या विचारानं केलेली आणि इतक्या लवकर झाकली जाणारी गोष्ट मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

आम्ही राहतो ओहायोत, कोलंबसच्या बाहेर. घर घेतलं तेव्हा परसात एक जुनी शेड मिळाली होती. तिची जमीनही प्लायवूडचीच होती, पण शीट एकमेकींना अगदी घट्ट भिडवून ठोकलेल्या. उन्हाळ्यात इथली हवा दमट होते, लाकूड फुगतं, आणि त्या शीटना फुगायला जागाच नव्हती. सांध्यांच्या जागी कुबडं आली होती. कुबडाच्या कडेचे थर सुटले, तिथून पाणी आत शिरलं. एका मार्चमध्ये दाराजवळ माझा पाय घोट्यापर्यंत खाली गेला. शेड पाडली तेव्हा मी एक कुजका तुकडा हातात घेऊन पाहिला होता. ओल्या चिरोट्यासारखे पदर सुटले होते.

नवी शेड बांधायला शेजारचे एक गृहस्थ मदतीला आले. वय सत्तरीच्या पुढे, उभा जन्म घरांचे सांगाडे उभे करण्यात गेलेला. हात त्यांचे, हमाली माझी, आणि खुर्ची टाकून देखरेख बाबांची. बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांचं आयुष्य लाकडाच्या वखारीत हिशेब लिहिण्यात गेलं. इंग्रजी बेताचं, पण दोघांचं सूत पहिल्याच दिवशी जुळलं, कारण दोघांची मोजायची भाषा एकच निघाली. फूट आणि इंच. आपल्याकडे सगळं मीटरमध्ये गेलं तरी सुतार अजून फुटातच बोलतो, आणि अमेरिकेनं तर फूट सोडलाच नाही. इंचाच्या खाली मात्र बाबांकडे एक शब्द होता जो शेजाऱ्यांकडे नव्हता. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. शेजारी एक-अष्टमांश म्हणत, बाबा सूत म्हणत.

आधी जमिनीच्या खालचं. चार इंच खडीचा थर, त्यावर तीन जाड आडवे वासे, आणि त्यांवर चौकट. चौकटीतल्या कड्या दोन बाय सहाच्या. म्हणायला दोन बाय सहा, प्रत्यक्षात दीड बाय साडेपाच इंच. इथल्या लाकडाची नावं अशी ढोबळ असतात. कड्या आठ फुटी बाजूला समांतर, एकूण दहा, एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सोळा इंच. बाबा ते पाहून म्हणाले, “अरे, हा तर कडीपाट!” आणि खरंच तसं होतं. आमच्या जुन्या वाड्यात माजघरावर कडीपाट होता. खाली काळ्या पडलेल्या कड्या, वर पाट, त्यावर मातीची भर. फरक एवढाच की वाड्याचा कडीपाट आम्ही खालून बघायचो. दुपारी उताणं पडून कड्या मोजायच्या, वर कोणी चाललं की धूळ डोळ्यांत. इथे कड्यांच्या खाली वीतभर अंधार आणि वारा, आणि तिथे कोणी उताणं पडणार नाही. कडेनं जाळी मारलेली, कारण ग्राउंडहॉग नावाचा इथला बिळं करणारा गुबगुबीत प्राणी शेडखाली घर थाटतो.

कड्यांचं लाकूड हिरवट होतं. त्यात तांब्याची रसायनं दाबानं भरलेली असतात, वाळवी आणि कूज लागू नये म्हणून. पूर्वी त्यात आर्सेनिकही असायचं. घरगुती कामासाठी तो प्रकार २००३ च्या अखेरीस बंद झाला. नव्या प्रकारात तांबं जास्त, आणि तांबं साध्या लोखंडी खिळ्याला खातं. म्हणून खिळे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, खडबडीत, राखाडी. बाबांनी एक हातावर घेऊन बोटानं चाचपला आणि खिशात टाकला.

चौकट गुण्यात आहे का, हे पाहायला शेजाऱ्यांनी गुण्या लावलाच नाही. त्यांनी टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही सारखे आले की चारही कोपरे काटकोनात, संपलं. आठ बाय बाराचा कर्ण येतो १४ फूट ५ इंच आणि अर्धं सूत. पहिल्या खेपेला एक कर्ण पाऊण इंचानं जास्त भरला. त्यांनी लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोड्याचे दोन ठोके घातले, पुन्हा मोजलं, आणखी एक हलका ठोका. यज्ञवेदीची मापं दोरीनं आखणाऱ्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा नियम दिलेला आहे, आणि शुल्ब म्हणजे दोरीच. ओहायोतल्या परसात टेप ताणून धरताना मला तो आठवला, कारण माझ्या हातातही त्या क्षणी दोरीच्या एका टोकापलीकडे काही नव्हतं.

आता प्लाय. या जमिनीला तीन शीट लागल्या आणि एकच काप. शीट आठ बाय चारची. पहिल्या ओळीत एक अख्खी आणि तिच्यापुढे अर्धी. दुसऱ्या ओळीत आधी अर्धी, मग अख्खी. बारा फूट भरले, आठ फूट भरले, कचऱ्यात गेला तो फक्त करवतीचा भुसा. पहिल्या ओळीतला सांधा आठ फुटांवर येतो, दुसऱ्या ओळीतला चार फुटांवर, त्यामुळे चार कोपरे एका जागी कुठेच भेटत नाहीत. चार कोपरे भेटतात तिथे जमीन सगळ्यात दुबळी असते. आणि ही रचना दाराकडून पाहा किंवा मागून पाहा, अर्धा वळसा फिरवून तीच दिसते. शेजाऱ्यांनी ती सुंदर दिसावी म्हणून केली नव्हती. वीट रचणारा गवंडी सांधमोड करतो, तीच ही गोष्ट. पण संध्याकाळच्या उन्हात ती नक्षीच दिसत होती.

हे इतकं चपखल बसतं, कारण मापं आधीपासून एकमेकांसाठी ठरलेली आहेत. शीटची लांबी ९६ इंच. ९६ ला बारानं भाग जातो, सोळानं जातो, चोविसानं जातो. अर्ध्या शीटच्या ४८ लाही जातो. कड्या यांपैकी कोणत्याही अंतरावर ठेवा, शीटची कड बरोबर कडीच्या मध्यावर येऊन टेकते. इथल्या टेपवर दर सोळा इंचांना लाल खूण असते, ती याचसाठी. अधूनमधून एक बारीक काळा हिराही दिसतो, तो दर १९.२ इंचांवर, म्हणजे ९६ चे पाच समान भाग. टेपवर हे सगळं छापलेलं असतं. मी तो टेप दहा वर्षं वापरत होतो आणि काळा हिरा काय आहे हे त्या दिवशी कळलं.

दोन ओळींमधला बारा फुटी सांधा मात्र कड्यांना आडवा जातो, त्याच्याखाली कडी नाही. तिथे दोन शीटच्या कडा अधांतरी राहिल्या, तर एकीवर पाय पडताच ती वाकणार आणि दुसरी जागच्या जागी राहणार. म्हणून प्रत्येक दोन कड्यांमध्ये एक आडवा तुकडा ठोकायचा. असे नऊ तुकडे. मी साडेचौदा इंचांचे नऊ कापायला निघालो, तर शेजाऱ्यांनी थांबवलं. सात साडेचौदाचे, दोन पावणेचौदाचे. कारण सोळा इंच मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, पण चौकटीच्या दोन्ही टोकांच्या कड्या मध्यावर नसतात, त्या काठाशी सपाट असतात. तिथली खोली पाऊण इंचानं आखूड. बाबांनी हा हिशेब वखारीच्या सवयीनं तोंडी करून पाहिला, मान डोलावली, आणि खडूनं दोन तुकड्यांवर फुली मारली.

प्लायवूडचं लाकूड डग्लस फरचं होतं. झाडाचा ओंडका वाफवून मऊ करतात, मोठ्या लेथवर फिरवतात आणि त्याला पात्याची लांबलचक धार भिडवतात. ओंडका फिरतो आणि त्याचा पापुद्रा अखंड पट्ट्यासारखा सुटत येतो. सुरळीची वडी उलगडावी तसा. म्हणूनच प्लायच्या अंगावर फळीसारख्या सरळ रेषा नसतात. लाटांसारख्या, डोंगरांच्या नकाशासारख्या असतात. एका शीटवर गाठ निघालेली जागा होडीच्या आकाराच्या लाकडी ठिगळानं बुजवलेली होती, इतकी नेटकी की बोट फिरवूनही कड लागेना.

मी कडेनं पापुद्रे मोजले. सात. एक उभा, एक आडवा, पुन्हा उभा. संख्या सहसा विषम असते, म्हणजे वरचा आणि खालचा चेहरा एकाच दिशेनं जातो आणि शीट कुठल्या एका बाजूला वाकत नाही. लाकूड ओलं-कोरडं होताना आडव्या अंगानं खूप हलतं. डग्लस फरची ताजी फळी पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत सात-आठ टक्क्यांपर्यंत आटू शकते, लांबीत मात्र जवळजवळ नाहीच. म्हणून प्रत्येक पापुद्र्याला शेजारचा पापुद्रा काटकोनात आवरून धरतो. एकाची ओढ दुसऱ्याच्या ताठपणाला बांधलेली. सातही पापुद्र्यांना हलायचं आहे, आणि म्हणूनच शीट जागची हलत नाही. जवळजवळ हलत नाही. त्या ‘जवळजवळ’कडे मी येणारच आहे.

हा प्रकार इथे लोकांसमोर आला १९०५ मध्ये, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या प्रदर्शनात. तिथल्या एका कारखान्यानं फरचे पापुद्रे चिकटवून तक्ते मांडले होते. रंगाच्या ब्रशनं सरस लावला होता आणि घरं उचलायच्या जॅकनी दाबलं होतं. पुढची तीसेक वर्षं पंचाईत एकच होती, गोंद पाण्याला टिकत नव्हता. १९३४ मध्ये पाण्याला दाद न देणारा गोंद निघाला आणि मग प्लाय कपाटाच्या पाठीतून घराच्या सांगाड्यात आलं. त्याआधीच्या इथल्या घरांत जमिनीखाली साध्या फळ्या असत, बऱ्याचदा तिरप्या ठोकलेल्या. त्या फळ्यांचंही एक सौंदर्य आहे, पण त्यांना कापत बसावं लागे आणि त्या कुरकुरत.

शीटच्या पाठीवर एक शिक्का असतो. तो मी आजवर कधी वाचला नव्हता. त्यात जाडी लिहिलेली, २३/३२ इंच, म्हणजे पाऊण इंचाला पाव सूत कमी. बाबांनी लगेच विचारलं, “अठरा एमएम ना?” बरोबर अठराच्या जरा वर. आपल्याकडे प्लायची लांबी-रुंदी फुटात आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. त्याखाली २४, म्हणजे कड्या एकमेकींपासून चोवीस इंचांपर्यंत लांब असल्या तरी ही शीट जमीन म्हणून चालेल. आम्ही सोळावर ठेवल्या होत्या. त्याखाली ‘एक्स्पोजर १’. गोंद पाण्याला टिकणारा आहे, बांधकाम चालू असताना पाऊस पडला तर बिघडत नाही, पण कायम उघड्यावर ठेवू नका. आणि एक ओळ अशी की ही शीट फट धरून मापलेली आहे. म्हणजे ती भरून चार फूट नाहीच. प्रत्येक अंगाला एक सूत कमी आहे. कारखान्यानंच फटीची जागा सोडून शीट कापलेली. मी तो शिक्का दोनदा वाचला. काय भरायचं नाही, हेही मापात धरलेलं होतं.

गोंदाची नळी बंदुकीत घालून शेजाऱ्यांनी कड्यांवर पाव इंची रेघ ओढली. जिथे दोन शीट भेटणार तिथे दोन रेघा. एका वेळी एका शीटपुरताच गोंद, नाहीतर वर साय धरते. जमीन कुरकुरते ती लाकूड कडीपासून जरासं सुटतं आणि खिळ्याला घासून वरखाली होतं म्हणून. गोंद ते सुटू देत नाही. पहिली शीट बसली. मग मी कापलेली अर्धी शीट उचलली आणि तिच्यापुढे ठेवली. छान बसली. चारी बाजू जुळल्या. मी हातोडा घेतला.

शेजाऱ्यांनी हात वर केला. काही बोलले नाहीत. गुडघ्यावर बसून त्यांनी त्या शीटच्या लाटांवरून तळवा फिरवला, मग शेजारच्या अख्ख्या शीटवरून. आणि तिला जागच्या जागी पाव वळसा दिला.

अर्धी शीट चार बाय चारची चौरस असते. माप सांगत नाही कोणती बाजू कुठे. सांगतात त्या फक्त रेषा. वरच्या पापुद्र्याच्या रेषा कड्यांना आडव्या जायला हव्यात, कारण प्लाय त्या दिशेनं जास्त ताठ असतं. मी ठेवली होती तशी ती वर्षानुवर्षं दिसायला बरोबरच राहिली असती आणि प्रत्येक पावलाला किंचित जास्त लवली असती. मला आजवर ज्या गोष्टी शिकवल्या गेल्या त्यांत इतक्या कमी शब्दांत शिकवलेली दुसरी आठवत नाही. आता लाकूड दिसलं की माझा तळवा आधी रेषेवर जातो.

आणि मग फट. दुसरी शीट पहिलीच्या जवळ आणताना त्यांनी दोघींच्या मध्ये तीन खिळे उभे सोडले. त्या खिळ्याची जाडी एक सूत. शीट खिळ्यांना टेकेपर्यंत सरकवायची, ठोकायची, मग खिळे काढून घ्यायचे. बाबा खुर्चीतून उठले. वाकून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी त्या फटीत पाहिलं. “सूतभर सोडलीये बघ,” ते म्हणाले. “आमच्याकडचे जुने सुतार दाराच्या झडपेला सोडायचे. पावसाळ्यासाठी.” सुतार हा शब्द सूत्रधारापासून आला असं सांगतात, आणि सुताराचं सूत म्हणजे गेरूत बुडवून ताणायची ती दोरी. तेच सूत माप म्हणूनही का वापरात आलं ते मला सांगता येणार नाही, पण त्या दुपारी एकाच जागी दोन्ही होती. कड्यांच्या ओळी दाखवायला मारलेली निळ्या खडूची दोरीची रेघ, आणि तिला आडवी जाणारी सूतभर फट.

त्या फटीत काहीच नाही, म्हणून ती पाहणाऱ्याला चूक वाटते. आमच्याकडे आलेल्या दोघातिघांनी विचारलंही की नीट भिडवली का नाही. जुन्या शेडमध्ये तेच नीट भिडवणं नडलं होतं. पापुद्रे एकमेकांना आवरतात, पण शेवटचा केसभर हट्ट प्रत्येक शीटमध्ये उरतोच. उन्हाळ्यात तिला तेवढं पसरायचं असतं. तेवढी जागा द्यायची, जास्त नाही; दोन सूत दिलं तर माती आणि बी भरतं, अर्धं दिलं तर कुबड येतं. या जमिनीतली तीन शीटची मांडणी मला सुंदर वाटते, आखूड तुकड्यांचा हिशेब देखणा वाटतो, पण मन थांबतं ते इथे. बाकी सगळी जमीन लाकूड ठरवतं. ही एक जागा ठरवायला पुढच्या ऑगस्टची हवा डोळ्यांसमोर असावी लागते.

खिळे सुमारे दोनशे. कडांना दर सहा इंचांवर, मधे दर बारा इंचांवर, कडेपासून तीन सूत आत. त्याहून जवळ मारला तर कड फुटते, आणि सांध्याखालच्या दीड इंची कडीतला अर्ध्याहूनही कमी भाग प्रत्येक शीटच्या वाट्याला येतो, तेव्हा चुकायला जागा नाही. खिळ्यांना अंगभर वळी होती, ती एकदा आत गेली की मागे येत नाहीत. खिळा कडीत नीट बसला की हातोड्याचा आवाज बदलतो; आधी रिता, मग दोन ठोक्यांनंतर भरीव, आणि शेवटचा ठोका जड. एक खिळा माझा चुकला, कडीच्या बाजूनं खाली गेला. आवाज रिताच राहिला. बाबांनी लांबून ऐकलं आणि बोट केलं.

‘सबफ्लोअर’ म्हणतात तिला इथे, खालची जमीन. घरात तिच्यावर लाकडी पट्ट्या येतात, फरशी येते, गालिचा येतो. शेडमध्ये वर काही येत नाही. खालची तीच वरची.

काम संपल्यावर बाबांनी चपला काढल्या. दाराच्या जागेवरून ते आत गेले, मधल्या सांध्यावरून सावकाश चालत पलीकडे पोचले, वळले, कोपऱ्यात टाच आपटून पाहिली. आवाज नाही. कुठे लवली नाही. मग ते मधोमध उभे राहिले आणि वर पाहिलं, जिथे आठवड्याभरात छप्पर येणार होतं आणि तेव्हा नुसतं आकाश होतं. शेजाऱ्यांनी त्यांना एक जास्तीचा खिळा दिला. तो, आणि सकाळी खिशात टाकलेला एक, असे दोन बाबांनी नोव्हेंबरात साताऱ्याला नेले.

फट राखायला वापरलेल्या तीन खिळ्यांपैकी एक मी शेडच्या दाराच्या चौकटीवर ठेवला आहे. जानेवारीत, बाहेर बर्फ असताना, तो फटीत घातला तर सैल उभा राहतो, बोट लावलं की हलतो. ऑगस्टमध्ये तो अंगठ्यानं जरा दाबावा लागतो. पण जातो.